गुत्ता ओस पडला, पण दारू गेली का?

वऱ्हाडात कलालाचे दुकान कुठे, हे कुणाला विचारावे लागत नसे. बाजाराच्या टोकाला किंवा कष्टकऱ्यांच्या वस्तीच्या तोंडाशी ते हमखास असायचे. मोहाची फुले भिजवून आंबवायची, मडक्यात उकळायची आणि वाफ थंड करून दारू गाळायची, हा पिढीजात धंदा. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. दारूचा मक्ता ही सरकारच्या कमाईची मोठी बाब ठरली. पिणारे जितके जास्त, तितकी तिजोरी भरलेली!

आम्ही दिवसभर कचेरीत जमाखर्च मांडतो. हा जमाखर्च मात्र आम्हाला कधीच पटला नाही. सरकारच्या जमेची रक्कम मजुराच्या घरी खर्चात पडते. महात्मा फुले यांनी 1880 मध्येच पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता. बाबासाहेबांनी 1956 च्या दीक्षेवेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. संविधानाचे 47 वे कलमही शासनाला दारूबंदीकडे जाण्यास सांगते.

मुंबई राज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला. बंदी पुढे सैल होत गेली. 1973 साली देशी दारूचे नियम आले. मोहाच्या मडक्याची जागा सीलबंद बाटलीने घेतली. कलालाचे दुकान गेले, परवान्याचा गुत्ता आला. लोक त्यालाच भट्टी म्हणू लागले. हप्त्याची मजुरी हाती पडली की पावले तिकडे वळत. तिथे सुखदुःखाच्या गप्पा होत, हे नाकारून चालणार नाही. पण त्या गप्पांची किंमत घरची चूल मोजत असे.

आज या गुत्त्यांची रया गेली आहे. 2008 च्या शासन आदेशाने गावातील किंवा वॉर्डातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिले, तर दुकान बंद करता येते. महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दुकाने हटवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला; 2017 मध्ये शहरी हद्दीत त्यातून सूट मिळाली. तरुण पोरे आता बिअर बारकडे वळली. जून 2025 मध्ये शासनाने दारूवरील कर वाढवले. देशीच्या 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरली.

बंधू-भगिनींनो, गुत्त्याला कुलूप लागले म्हणून आनंद मानायचा का? चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी आली आणि अवैध विक्रीचे कारण देत 2021 साली उठवली गेली. मुंबईच्या मालवणीत 2015 साली विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. मेलेले बहुतेक हातावर पोट असणारेच. गुत्ता निदान डोळ्यांसमोर होता. चोरून येणारी पिशवी दिसतही नाही.

म्हणून आडव्या बाटलीनंतरचे काम मोठे आहे. मजुरी हाती येईल त्या संध्याकाळी विहारात माणसे जमवा. तिथे वाचन होऊ द्या, चहा होऊ द्या, बचत गटाचा हिशेब होऊ द्या. थकल्या माणसाला बसायला जागा आणि बोलायला सोबत लागते. ती गुत्त्याने दिली होती. आता ती आपण देऊ या.