दुधाची तपासणी व जंतूंची जमीन

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या म्हशीस कासदाह झाला. दुधाचा नमुना दोन ठिकाणीं तपासला. एका कागदावर औषध लागू पडेल असें आलें, दुसऱ्यावर तेंच औषध निरुपयोगी ठरलें. आम्हीं पहिल्यावर विसंबलों, गुण आला नाहीं, आणि म्हैस एका सडास मुकली. एकाच दुधाचे दोन निर्णय कसे होतात, याची चौकशी करतां जें समजलें तें आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

जंतु डोळ्यांस दिसत नाहींत; सबब प्रयोगशाळेंत त्यांची पेरणी करावी लागते. त्यासाठीं जी जमीन तयार करतात तीस संवर्धक म्हणतात. समुद्रांतील शेवाळापासून निघणारा अगार पोषक द्रव्यांत शिजवून थाळींत ओततात. तो निवून खरवसासारखा थिजतो. जर्मनींत कॉख यांच्या प्रयोगशाळेंतील हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनीं १८८१ च्या सुमारास ही युक्ति सुचविली.

या थाळीवर जंतु पसरून औषध भरलेल्या कागदी चकत्या ठेवतात. औषध सभोंवार झिरपतें. जंतु मरत असले तर चकतीभोंवतीं स्वच्छ वलय पडतें. त्याचा व्यास मोजून निर्णय देतात. या कामीं १९४१ सालीं अमेरिकेंत म्यूलर व हिंटन यांनीं काढलेला संवर्धक सर्वत्र प्रमाण मानतात.

आमचें आयुष्य महसुलाच्या कारकुनींत गेलें. मोजणीची साखळी ताणून लांबली, तर कागदावर जमीन कमी भरते. शेत मात्र होतें तेवढेंच असतें. संवर्धकाचेंहि तसेंच आहे. त्याचा थर सुमारें ४ मिलिमीटर असावा. थर जाड झाल्यास औषध खालीं जिरून वलय लहान पडतें व चांगलें औषध वाईट ठरतें. पातळ झाल्यास उलट. कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असल्यास स्यूडोमोनास जंतूवर जेंटामायसिनचें वलय आखडतें. थायमिडीन अधिक असल्यास सल्फा व ट्रायमेथोप्रिम हीं औषधें निकामी भासतात.

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत बियाण्याचा कस जसा निराळा दिसतो, तसें जंतूंचेंहि होतें. स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या कांहीं जातींत मेथिसिलिनवर्गी औषधास न जुमानणारे थोडेच असतात, ते साध्या संवर्धकांत लपून राहतात. द्रवांत २ टक्के मीठ घातलें म्हणजे त्यांचें खरें रूप उघडें पडतें. उष्णमान ३५ अंशांवर गेलें तर पुन्हां लपतें. आतां या कामीं बहुधा सेफॉक्सिटिनची चकती वापरतात.

कोलिस्टिन या औषधाची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्याचे कण मोठे असल्यानें तें अगारांतून नीट झिरपत नाहीं; म्हणून चकतीचा निर्णय भरंवशाचा नसतो, आणि द्रवांत निरनिराळ्या प्रमाणांत औषध घालूनच पाहावें लागतें. माणसांच्या अखेरच्या उपायांपैकीं हें औषध कोंबड्यांच्या खाद्यांत घालीत असत. त्यास न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, हें २०१५ सालीं चीनमधील संशोधनानें उघड झालें. २०१९ च्या जुलैंत भारत सरकारनें खाद्योपयोगी जनावरांकरितां त्याची विक्री व वापर बंद केला.

यावरून तपासणी व्यर्थ आहे असें कोणीं समजूं नये. मोजणी चुकते म्हणून कोणी हद्दीचे दगड उपटीत नाहीं. नमुना पहिल्या सुईपूर्वीं घ्यावा. सड स्वच्छ पुसून पहिल्या धारा टाकून द्याव्या. निर्जंतुक बाटली बर्फांत ठेवून त्वरेनें पोंचवावी. ज्याचीं वलयें आधींच ठाऊक आहेत असा खुणेचा जंतु त्याच संवर्धकावर तपासला होता काय, हें अवश्य विचारावें. अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. तेथें अथवा जवळच्या गुरांच्या दवाखान्यांत चौकशी करावी. आम्हीं हा प्रश्न विचारला असता, तर म्हशीचा सड कदाचित् वांचता.