दोरी कुठं आहे?

गळ टाकून मासा धरायला अक्कल लागत नाही, नशीब लागतं, असं मी वयाची पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसानं असं समजावं, ही तशी शरमेचीच गोष्ट. पण लहानपणी दोरी बाबांच्या हातात असायची आणि माझ्या हातात आमिषाचा डबा. पुढं बी.ए. झालो, कचेरीत लागलो, कविता करू लागलो आणि मासे बाजारातून येऊ लागले. डबासुद्धा सुटला.

तो पुन्हा हातात आला २०२३च्या डिसेंबरात, शारजाला. माझा भाचा तिथं नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो पहाटे उठतो, गाडीच्या टपावर कयाक बांधतो आणि डोंगर ओलांडून फुजैराच्या किनाऱ्यावर जातो. अमिरातीतल्या सात राज्यांपैकी फुजैरा हे एकच असं, की ज्याचा सगळा किनारा ओमानच्या आखातावर आहे. मागं हजर पर्वताचे उघडे, तपकिरी कडे आणि पुढं एकदम खोल पाणी. हिवाळ्यात तिथं सुरमई येते. तिला ते लोक कनाद म्हणतात. भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही पण चला. दोन कयाक आहेत. मित्राची पडून आहे." मी मान हलवली. घरून फोनवर ताकीद आली, "या वयात बुडू नका." तीही ऐकली आणि निघालो.

कयाक म्हटलं की डोळ्यांसमोर दोन्हीकडं पाती असलेलं वल्हं मारणारा माणूस येतो. ही कयाक तशी नव्हती. प्लास्टिकची, चार मीटरच्या आतबाहेर लांबीची, वर खुर्ची ठेवलेली आणि पायाशी सायकलसारखी पायडलं. पायडल मारलं की तळाखालचा छोटा पंखा फिरतो आणि नाव पुढं जाते, उलटं मारलं की मागं येते. डाव्या हाताशी सुकाणूची एक दांडी. पायानं चालणाऱ्या अशा कयाकचं वेड वाढवलं ते अमेरिकेतल्या होबी कंपनीनं. १९९७ साली तिनं पायडलवर चालणारी कयाक आणली. तिच्यात पंखा नव्हता, तळाखाली पेंग्विनच्या पंखांसारखी हलणारी दोन पाती होती. पंख्याच्या कयाक इतर कंपन्यांनी काढल्या. गळवाल्यांना या प्रकाराची भुरळ पडली त्याचं कारण साधं आहे. वल्हं मारायचं तर दोन्ही हात वल्ह्यात अडकतात. पायानं नाव चालली की हात मोकळे.

आणि हात मोकळे झाले की माणसाला एका काठीवर समाधान वाटत नाही. खुर्चीच्या मागं, डावीउजवीकडं काठ्या उभ्या करायला नळ्या होत्या. भाच्यानं दोन्हींत काठ्या खोचल्या. दोन काठ्या, दोन रिळं, दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला लाकडी वाटावेत असे रंगवलेले खोटे मासे. नाव पुढं चालत ठेवायची आणि हे खोटे मासे मागून पोहत येतील असं करायचं. सुरमईला वाटतं, कोणी घाबरलेला छोटा मासा पळतो आहे. ती झेप घेते. वर्णन करायला इतकं सोपं. पण भाचा पहिल्या दिवशी मासा हा शब्दच काढेना. दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारायचा, "मामू, दोरी कुठं आहे?"

मी काठीकडं बोट दाखवायचो. तो म्हणायचा, "ती काठी झाली. दोरी कुठं आहे?"

तुम्हीही म्हणाल, दोरी पाण्यात आहे, आणखी कुठं असणार? पण हेच तर शिकायचं होतं. बाबांची होडी नांगरलेली असायची. ते दोरी तर्जनीवर घेऊन बसायचे. होडी जागेवर, माणूस जागेवर, हलायचं ते फक्त पाणी. तांबोशीनं आमिषाला नाक लावलं तरी बोटाला कळायचं. इथं सगळंच हलतं. पाणी वाहतं, वारा नावेला ढकलतो, नाव स्वतः चालते, आणि तळाखाली पंखा आणि सुकाणू अशा दोन गोष्टी दोरी धरायला टपलेल्या असतात. त्यात दोऱ्या दोन. काठी नळीत खोचलेली, म्हणजे बोटाला काही कळायचं नाही. पाण्याखालची दोरी कुठून कुठं गेली आहे, हे मनात सतत काढत राहावं लागतं.

ती दोरीही बाबांच्या वेळची नाही. त्यांची जाड नायलॉनची, ताणली की थोडी लांबणारी. ही विणलेली, बारीक, शिवणाच्या दोऱ्याएवढी, आणि ताणली तरी जवळजवळ लांबत नाही. त्यामुळं लांबचा झटकाही काठीच्या टोकाला लगेच समजतो. पण दगडाला किंवा शिंपल्यांना घासली की ती चटकन तुटते, म्हणून शेवटी दोनेक मीटर जाड, गुळगुळीत दोरी जोडतात. सुरमईचे दात कात्रीसारखे, त्यामुळं तिच्यासाठी त्याही पुढं वीतभर तार. भाच्याच्या दोरीचा रंग दर दहा मीटरला बदलत होता. किती दोरी गेली ते रंग मोजून कळतं. मला ही युक्ती फार आवडली.

ज्यांनी लहानपणी पतंग उडवला आहे त्यांना पुढचं लवकर समजेल. गुंता ताणलेल्या मांजाचा होत नाही, ढिल्या मांजाचा होतो. मासेमारीच्या दोरीचंही तसंच. फेकल्यावर रिळावरची तारेची कडी हातानं बंद करायची, दोरी दोन बोटांत धरून एकदा ताणून घ्यायची आणि मगच गुंडाळायला लागायचं. मी पहिल्या फेकीला हे विसरलो. रिळावर एक सैल वेटोळं बसलं, पुढच्या फेकीला त्यानं आपल्यासोबत आणखी दहा वेटोळी ओढून बाहेर आणली. लेकराच्या केसातली जट सोडवावी तसा मी वीस मिनिटं ते सोडवत बसलो. त्या वीस मिनिटांत नाव वाऱ्यानं कुठल्या कुठं गेली, ते वर पाहिलं तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दोऱ्या एकदम सोडायच्या नाहीत हा धडा झाला. नाव सरळ आणि सावकाश चालत असताना आधी एक लांब सोडायची, चाळीसेक मीटर. ती स्थिर झाली की दुसरी, निम्मी. दोघींची लांबी सारखी ठेवली तर वळताना त्या एकमेकींना गाठतात. वळण तर मोठं घ्यायचंच, बैलगाडी वळवावी तसं. का, तर वळणाच्या आतल्या बाजूची दोरी ढिली पडते, खोटा मासा पोहायचं सोडून खाली बसतो, आणि बाहेरची दोरी तोवर तिच्यावरून पलीकडं जाते. मी सुरुवातीला दांडी ओढून सायकलसारखा गर्रकन वळायचो. प्रत्येक वेळी पेड घातल्यासारख्या दोन्ही दोऱ्या वर यायच्या.

नाव थांबवून शिसं खाली सोडायचं असेल तर कोणत्या बाजूनं? हे मला उलटं वाटत होतं. वारा पाठीवर घेऊन पुढच्या बाजूला सोडावी, असं मन सांगतं. पण वारा नावेला ढकलत असतो, दोरी पाण्यात मागं राहते. वारा जिकडं ढकलतो त्या बाजूला सोडली तर थोड्या वेळानं नाव दोरीच्या डोक्यावर येते आणि दोरी तळाखाली. म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला सोडायची. मग नाव दूर जाते आणि दोरी मोकळी राहते.

रिळाला एक ब्रेक असतो. मासा जोरात पळाला तर दोरी तुटण्याआधी सुटत जावी, यासाठी. दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर तो लावतात. भाचा मात्र पावावरच ठेवायचा. होडीला मासा ओढू शकत नाही, कयाकला ओढतो. नाकाच्या दिशेनं ओढला तर मजा, बाजूनं ओढला तर आपण पाण्यात. म्हणून मासा लागला की काठी पुढं घ्यायची आणि नावेचं नाक माशाकडं करायचं. तो तळाखालून पलीकडं गेला तर काठीचं टोक पाण्यात बुडवून नाकाच्या पुढून फिरवायचं. मागून कधी नाही, मागं सुकाणू आहे.

हे सगळं मला तिसऱ्या दिवसापर्यंत पाठ झालं होतं. परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखं.

त्या दिवशी पहाटे डोंगरावरून वारा सुटला होता. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ज्याला मतलई वारा म्हणतात तो, जमिनीकडून समुद्राकडं जाणारा. एरवी ऊन वाढलं की तो पडतो. त्या दिवशी पडेना. आम्ही किनाऱ्यापासून फार लांब नव्हतो. भाचा माझ्या डावीकडं दोनेकशे मीटरवर. उजवी काठी एकदम वाकली आणि रीळ किंचाळल्यासारखं वाजायला लागलं.

पाठ केलेलं सगळं उडालं. खरं म्हणजे पायडल मारत राहायचं होतं, सावकाश, म्हणजे डावी दोरी ताणलेली राहिली असती. मग ती गुंडाळून घ्यायची आणि त्यानंतर मासा. मी पाय थांबवले. मासा दिसावा म्हणून सुकाणू उजवीकडं ओढलं. डावी दोरी ढिली पडून बुडाली. मग घाबरून उलटं पायडल मारलं आणि नाव आपल्याच दोरीवर नेली. दोन फेऱ्यांनंतर पायडलं अडकली. पंखा वर उचलून साफ करता येतो, पण तो अर्ध्यावर येऊन थांबला. डावीकडचा खोटा मासा आपल्या तीन टोकांच्या गळासकट खाली कुठंतरी रुतला होता आणि दोरी पंख्यावर करकचून बसली होती. उजवीकडून मासा बाजूनं ओढत होता. नाव आडवी झाली, कलली. मांडीवर पाणी आलं. समोर लांबवर, नांगरलेली टँकर जहाजं हळूहळू मोठी दिसायला लागली.

भाचा ओरडला, "कापा मामू! आधी डावी कापा!"

सुरी लाइफ जॅकेटच्या छातीवरच होती. हात तिथं गेला आणि थांबला. हे मला आजही नीट सांगता येत नाही. बाबा दोरी कापायचे नाहीत. गळ दगडात अडकला की अर्धा अर्धा तास होडी फिरवून सोडवायचे. दोरीला आणि गळाला पैसे पडत होते. एकदा तर मोठ्या माशानं ओढ घेतली तेव्हा त्यांनी दोरी हाताला गुंडाळून धरली. ती तर्जनीत रुतली. मासा गेला, दोरी राहिली, आणि बोटावरची ती खाच मरेपर्यंत राहिली. मी डबा घेऊन समोर बसलो होतो. लहान होतो, पण होडीत कोयता होता आणि तो माझ्या पायाशी होता. "कापू का?" हे मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

"मामू!"

कापली. एवढ्या बारीक दोरीला सुरी नुसती टेकवावी लागली. उजव्या रिळाचा ब्रेक सैल केला, नाव सरळ झाली. पंखा वर ओढला तो या वेळी आला. गळ तळाच्या खाचेत रुतला होता, भाच्यानं जवळ येऊन तो पकडीनं काढला. या सगळ्यात उजवीकडचा मासा कधी सुटला ते समजलं नाही. तार शाबूत होती, तिच्यावर दातांचे ओरखडे होते. सुरमईच असणार, असं भाचा म्हणाला. मला खूश करायला म्हणाला असेल. वाऱ्याच्या विरुद्ध पायडल मारत किनाऱ्याला यायला तासभर लागला. एरवीचं अंतर वीस मिनिटांचं.

वाळूवर कयाक उलटी करून भाचा नेलकटर घेऊन बसला. पंख्याच्या दांड्यात घुसलेले दोरीचे बारीक तंतू एकेक करून काढले आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरले. तुकडेही उचलले. त्या किनाऱ्याला समुद्री कासवं येतात, दोरी त्यांच्या पायाला गुंडाळली की सुटत नाही. मी शेजारी बसून बाटली धरली होती. मी त्याला विचारलं, दोरी केवढ्याची होती? तो म्हणाला, "मामू, चहा घ्या."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलो. भाचा दोन काठ्या लावायला लागला तेव्हा मी एक परत गाडीत ठेवली. नळीतही खोचली नाही, मांडीवर आडवी घेतली आणि दोरी तर्जनीवर. एका काठीला मासे निम्मे लागतात, हे त्याचं गणित बरोबर आहे. त्या सकाळी एक छोटा कुपा मिळाला. पण पाण्याखाली दोरी कुठं आहे ते मला सबंध वेळ बोटाला कळत होतं. भाच्यानं दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा बरोबर सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही.