शेजारचे दार उघडले का?

अर्धांगवायूचा झटका आलेला रोगी दवाखान्यात आणला, की आम्ही डॉक्टर मंडळी सोबत आलेल्यांना एक प्रश्न हमखास विचारतो. "यांना शेवटचे धडधाकट कोणी पाहिले आणि किती वाजता?" पुष्कळदा नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मुलगा पुण्याहून निघालेला असतो, मुलगी सासरी असते. उत्तर असते ते शेजारच्या काकूंकडे. "साडेसहाला नळाला पाणी आले तेव्हा आम्ही बोललो की! पाण्याला आज जोर नाही म्हणाल्या."

वाचकांना वाटेल, त्या वेळी पाण्याला जोर होता की नव्हता याच्याशी डॉक्टरांना काय करायचे? पण बऱ्याच रोग्यांचा पुढचा उपचार या एका वाक्यावर ठरतो. अर्धांगवायूच्या बहुतेक झटक्यांत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. रक्त न मिळालेल्या भागातल्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आज उपलब्ध आहे, परंतु ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे तास रोगी सापडल्यापासून मोजत नाहीत. तो शेवटचा चांगला दिसला, तेथून मोजतात. ती वेळ कोणालाच ठाऊक नसेल तर साध्या सोयींच्या रुग्णालयात डॉक्टरांचे हात बांधले जातात. मोठ्या शहरांत विशेष तपासण्या करून काही निवडक रोग्यांना उशिरानेही उपचार देता येतात, पण ती सोय आपल्या तालुक्याच्या गावी कोठून असणार?

माझ्या दवाखान्याच्या गल्लीतलीच गोष्ट सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहत. रोज सकाळी सडा घालून दारात चार बोटांची का होईना, रांगोळी काढायचीच, हा त्यांचा नेम. एके दिवशी आठ वाजले तरी दारात रांगोळी नाही. समोरच्या वहिनींच्या ते लक्षात आले. हाका मारल्या, ओ नाही. त्यांच्याकडे घराची एक किल्ली असे. दार उघडून पाहतात तो आजी मोरीपाशी पडलेल्या, तोंड वाकडे झालेले, उजवा हात उचलत नव्हता. वहिनींनी मुलाला माझ्याकडे पिटाळले आणि स्वतः १०८ नंबर फिरवला. जिल्ह्याच्या गावी पोहोचून मेंदूचा फोटो निघेपर्यंत दहा वाजून गेले. गुठळीच असल्याची खात्री झाली. साडेसहाला नळावर बोलणे झाले होते, म्हणजे मुदत अकराला संपणार होती. इंजेक्शन दहा वाजून वीस मिनिटांनी दिले गेले. आज आजी काठी टेकत देवळापर्यंत जातात आणि रांगोळी डाव्या हाताने काढतात.

त्याच वर्षी गावाबाहेरच्या एका नव्या इमारतीतल्या गृहस्थांची हकीगत मात्र वेगळी झाली. तेही एकटेच राहत. दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी दुपारी चारपर्यंत तशीच होती. जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी ती पाहिली होती. दुसऱ्याच्या घरात कशाला डोकावा, असे प्रत्येकाला वाटले. माणसे वाईट नव्हती. नंतर रुग्णालयात रात्रभर जागायला त्यातलेच दोघे होते. पण झटका पहाटे आला, सकाळी आला की आदल्या रात्री, हे सांगणारे कोणी नव्हते. त्यांचा उजवा हात आणि वाचा परत आली नाही.

दोन्ही ठिकाणी औषध तेच आणि रुग्णालयही तेच. फरक पडला तो शेजाऱ्याच्या नजरेने. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राइतकेच हे उपकरण मोलाचे आहे, आणि त्याला पैसा पडत नाही.

आपल्या लहान गावांत ही नजर पिढ्यान्‌पिढ्या होती. विरजण मागण्याच्या निमित्ताने शेजारच्या स्वयंपाकघरात डोकावले जाई. उन्हाळ्यात पापड-कुरडया घालायला चार घरच्या बायका एका गच्चीवर जमत. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी जाई आणि ते रिकामे परत करायचे नाही असा संकेत असे. संध्याकाळी ओट्यावर बसले की कोणाचा खोकला गेला नाही, कोण वाळत चालले आहे, कोणाच्या पायावर सूज दिसते, हे न विचारता कळे. "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवा की," हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रोग्यांना प्रथम शेजाऱ्यानेच ऐकवलेले असते.

हा केवळ जुन्या आठवणींचा उमाळा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामिडा परगण्यातल्या हजारो प्रौढांची १९६५ मध्ये पाहणी करून त्यांच्याकडे ९ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांचे आप्त, मित्र आणि समाजाशी संबंध सर्वांत तुटपुंजे होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण भरपूर संबंध असलेल्यांपेक्षा दुपटीहून अधिक आढळले. हा अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. एकटेपणामुळे जगात दरवर्षी ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यू होतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये मांडला.

उन्हाळ्याचेच पाहा. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि ७०० हून अधिक माणसे दगावली. एकटे राहणाऱ्या आणि घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांना अधिक धोका होता, असे चौकशीत दिसले. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. जिथे रस्त्यावर दुकाने आणि माणसांची वर्दळ होती, त्या वस्तीत मृत्यू पुष्कळ कमी होते. आपल्याकडे मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दुपारी तीनला शेजारच्या आजोबांना हाक मारून ताकाचा पेला देणे हा तिथे उष्माघातावरचा प्रतिबंधक उपायच आहे.

आपल्या सरकारी आरोग्य योजनांनीही शेजाऱ्याची ही ताकद वापरली. १९९७ पासून देशात सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. रोग्याने औषधाची मात्रा कोणाच्या तरी नजरेसमोर घ्यावी असा त्यात नियम होता, आणि हे काम आरोग्य सेविकेबरोबरच गल्लीतला दुकानदार किंवा शिक्षकही करू शके. चार-सहा आठवड्यांत बरे वाटू लागले की गोळ्या सोडून देण्याकडे रोग्याचा कल असतो आणि तिथेच घात होतो. सहा महिने कोणीतरी "आजची गोळी घेतली का?" असे विचारणारे हवे असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले आणि तिथला अर्भकमृत्यू मोठ्या प्रमाणात घटला. १९९९ मध्ये हे काम जगापुढे आले.

अर्थात शेजारधर्मालाही मर्यादा आहेत. "मला लागू पडली, तुम्हीही घ्या" म्हणून आपली रक्तदाबाची गोळी दुसऱ्याला देणे हा उपकार नव्हे. गुडघेदुखीची म्हणून हातोहात फिरणारी पुडी तर घेऊच नये. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. आणि कोणाच्या क्षयाची किंवा मानसिक आजाराची वाच्यता ओट्यावर करू नये. चर्चा होईल या भीतीने माणसे शेजारच्या गावी जाऊन औषध घेतात, मग येणे-जाणे जड पडून उपचार सुटतो. नजर असावी, पण ती पाळतीची नसावी.

आता काही गोष्टी प्रत्येक गल्लीत सहज करता येतील.

एकटे राहणाऱ्या वृद्धांनी रोजची एक खूण शेजाऱ्याशी ठरवून घ्यावी. सकाळी अमुक वाजता खिडकी उघडायची, किंवा दारातले वर्तमानपत्र उचलायचे. खूण दिसली नाही की शेजाऱ्याने संकोच न करता दार वाजवावे.

घराची एक किल्ली विश्वासाच्या शेजारी ठेवावी. कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवावा. त्यावर चालू औषधे, आजार आणि मुलाबाळांचे फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहावेत.

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांतले एकही लक्षण अचानक दिसले तर घड्याळ पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. रोग्याला पाणी, चहा काहीही पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून देऊ नका. झटका रक्तस्रावाचा असेल तर ती घातक ठरते.

मधुमेही शेजारी अचानक घामाघूम होऊन बरळू लागला आणि शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा द्या आणि डॉक्टरांना बोलवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक रुग्णालयात न्या.

नव्या इमारतींत राहणाऱ्या वाचकांना विशेष विनंती आहे. आपल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांची नावे आणि फोन नंबर आपल्याला ठाऊक आहेत का, हे आज तपासून पाहा. ठाऊक नसतील तर ओळख करून घ्यायला फार मोठे निमित्त लागत नाही. एक वाटी विरजण मागितले तरी पुरते.