एकच चौकी, एकच पद. मग तलासरीच्या आणि लेहच्या सुभेदाराचा प्राप्तिकर वेगळा कसा?

सियाचीनमधल्या एका चौकीवर दोन सुभेदार आहेत, अशी कल्पना करा. एक तलासरी तालुक्यातला वारली, दुसरा लेहचा बोट जमातीचा. दोघेही अनुसूचित जमातीचे. पद एक, मूळ वेतन एक, थंडीही एकच. वर्षअखेरीला मात्र एकाच्या पगारातून प्राप्तिकर कापला जातो आणि दुसरा पूर्ण करमाफी मागू शकतो.

भारतात प्राप्तिकर तर केंद्राचा. डहाणूला एक दर आणि पलीकडे गुजरातमधल्या उंबरगावला दुसरा, असं होत नाही. मग हा फरक येतो कुठून?

कर देशाचा, सूट काही भागांना

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतली ८२ वी नोंद शेतीव्यतिरिक्तच्या उत्पन्नावरील कर संसदेकडे देते. त्यामुळे जवान कोणत्या राज्यातला, यावर त्याच्या कराचा दर ठरत नाही. अमेरिकेत उलट आहे. तिथे केंद्राच्या कराशिवाय बहुतेक राज्यांचा स्वतःचा प्राप्तिकर असतो आणि सैनिकाच्या लष्करी पगारावर फक्त त्याचं मूळ राज्यच असा कर लावू शकतं. टेक्सास किंवा फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकरच नाही, त्यामुळे तिथला सैनिक दुसऱ्या राज्यात नेमणुकीवर गेला तरी त्याचा फायदा जात नाही.

आपल्याकडे राज्यांचे दर नाहीत, पण प्रदेश पाहून दिलेल्या सवलती आहेत. त्यातली सर्वात मोठी म्हणजे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम १०(२६). नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल प्रदेश आणि मिझोराम ही राज्यं, सहाव्या अनुसूचीतले आसाम व मेघालयातले आदिवासी भाग आणि लडाख इथे राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिथे मिळालेल्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. उत्पन्न कितीही असो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात. इथला सगळा हिशेब २०२५-२६ या वर्षाचा, म्हणजे जुन्या कायद्यातला आहे.

या यादीत डहाणू आणि तलासरी नाहीत. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, पण ते घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली. महाराष्ट्रातली ही क्षेत्रं १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. त्यामुळे इथे पेसा कायदा लागू आहे, आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर बंधनं आहेत. संरक्षण आहे ते जमिनीला आणि ग्रामसभेला, पगाराला नाही. 'आम्हीही अनुसूचित क्षेत्रातलेच, मग आम्हाला सूट का नाही?' या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर एवढंच, की संसदेने कलम १०(२६) मध्ये पाचव्या अनुसूचीतल्या भागांचं नाव घातलेलं नाही.

आता हिशेब मांडू

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर लागत नाही. पगारदारांना त्यावर ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणजे १२ लाख ७५ हजारांपर्यंत सुटका. नव्याने भरती झालेल्या शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपये, लष्करी सेवा वेतन ५,२०० आणि त्यावर ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर वर्षाचे सव्वापाच लाखही होत नाहीत. त्याचा कर शून्य, मग तो तलासरीचा असो की लेहचा. अग्निवीरांचंही तसंच. पहिल्या वर्षाचं ३० हजारांचं मासिक पॅकेज मर्यादेच्या खूप खाली राहतं आणि चार वर्षांनी मिळणारा सेवा निधीही करमुक्त आहे.

म्हणजे खालच्या पदांवर हा फरक आता जवळपास मिटला. तो उरतो सुभेदार, सुभेदार मेजर आणि अधिकाऱ्यांच्या पातळीवर.

आपल्या सुभेदाराचं मूळ वेतन ५८,६०० रुपये धरू. लष्करी सेवा वेतन ५,२०० आणि दोन्हींवर ५८ टक्के महागाई भत्ता (हा दर जुलै २०२५ पासूनचा, सोयीसाठी तो वर्षभर धरला आहे) मिळून महिन्याला १,००,८०४ रुपये होतात. वर्षाचे १२,०९,६४८. स्टँडर्ड डिडक्शननंतर ११,३४,६४८ उरतात. कर शून्य.

आता तो तीन महिने सियाचीनला जातो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये सियाचीन भत्ता जवान आणि जेसीओंसाठी महिन्याला ३० हजार रुपये ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की अशा भत्त्यांत २५ टक्के वाढीची तरतूद आहे, पण इथे मूळ दरच घेऊ. तीन महिन्यांचे ९० हजार मिळाले आणि करपात्र उत्पन्न १२,२४,६४८ झालं. मर्यादा ओलांडली. मर्यादेच्या किंचित वर गेलेल्यांना 'मार्जिनल रिलीफ' मिळतो, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम आहे त्याहून जास्त कर घेत नाहीत. तरीही २४,६४८ रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण साधारण २५,६३४ रुपये द्यावे लागतात. सियाचीनला गेलाच नसता तर एक रुपयाही लागला नसता.

जुन्या करप्रणालीत सियाचीनसाठी महिन्याला ७ हजार, ९ हजार फुटांवरच्या भागात १,०६० आणि १५ हजार फुटांवर १,६०० रुपयांपर्यंत भत्ता करमुक्त धरतात. ३० हजारांच्या भत्त्यापुढे ७ हजारांची सूट तोकडीच. शिवाय नव्या प्रणालीत यातलं काहीच मिळत नाही. आपल्या सुभेदाराने जुनी प्रणाली निवडली आणि दीड लाखाची गुंतवणूक दाखवली, तरी त्याचा कर एक लाखाच्या वर जातो. त्यामुळे नवी प्रणाली घेऊन भत्त्यावर कर भरणं हाच त्याच्यासाठी स्वस्त मार्ग.

सियाचीन लडाखमध्ये येतं. लेहच्या सुभेदाराचं उत्पन्न तिथेच मिळालेलं, घरही तिथेच, जमात लडाखच्या यादीत. कलम १०(२६) नुसार त्याचा कर शून्य.

पण तलासरीचा जवानही तेव्हा लडाखमध्येच होता ना?

या प्रश्नावर खरी मेख आहे. कायदा तीन गोष्टी विचारतो: व्यक्ती घटनेच्या अनुच्छेद ३६६(२५) प्रमाणे अनुसूचित जमातीची आहे का, ती त्या भागात राहते का आणि उत्पन्न त्या भागातून आलं का. वरवर पाहिलं तर वारली सुभेदाराची तिन्ही उत्तरं 'हो' आहेत. कलमात 'त्याच भागातली जमात' असे शब्द नाहीत.

अडचण अनुच्छेद ३४२ मध्ये आहे. जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. वारली महाराष्ट्राच्या यादीत आहेत, गुजरातच्या आहेत. लडाखच्या यादीत बोट, बाल्टी, चांगपा, ब्रोकपा अशा जमाती आहेत, वारली नाहीत. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की एका राज्यातला अनुसूचित दर्जा माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. ते प्रकरण आरक्षणाचं होतं, कराचं नव्हे. पण तोच तर्क लावला तर वारली जवानाचा दावा कमकुवत होतो. त्यात 'राहणं' म्हणजे बदलीवरची बराक की कायमचं घर, हा वाद वेगळाच. म्हणून केवळ जमातीचा दाखला जोडून सूट गृहीत धरणं धोक्याचं आहे. दावा टिकला नाही तर कर व्याजासकट भरावा लागतो.

नियम उलट दिशेनेही चालतो. लेहचा तोच सुभेदार देवळालीला बदलून आला की तिथल्या पगारावरची त्याची सूट संपते. अमेरिकन सैनिकाची सवलत त्याच्याबरोबर फिरते, लडाखी जवानाची घरीच राहते.

तलासरीच्या वेशीपलीकडे

प्रदेशानुसार बदलणारी आणखी एक तरतूद तलासरीला अगदी खेटून आहे. दादरा आणि नगर हवेली, दमण-दीव आणि गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेखाली येणाऱ्या पती-पत्नीचं घरभाडं, व्याज असं उत्पन्न कलम ५अ नुसार दोघांत निम्मं वाटून कर लावतात. पगार मात्र यातून वगळला आहे. त्यामुळे तिथला जवानही स्वतःच्या पगाराचा कर पूर्ण स्वतःच्या नावावर भरतो.

राज्यांच्या हातात राहतो तो व्यवसाय कर, ज्याला घटनेच्या अनुच्छेद २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात सेवेत असलेल्या भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या जवानांना तो माफ आहे. निवृत्त होऊन बोईसरच्या कारखान्यात सुरक्षारक्षक झालेल्या माणसाला ही माफी नाही: महिना १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये. हीच नोकरी उंबरगावला केली तर गुजरातमध्ये १२ हजारांच्या वर महिना २०० रुपये, म्हणजे वर्षाला २,४००. सीमा ओलांडून वाचतात ते शंभर रुपये. आणि घोलवडला चिकूची वाडी असेल तर ते शेतीचं उत्पन्न करमुक्तच, पण जवानाचं इतर उत्पन्न किमान मर्यादेच्या वर असेल आणि वाडीतून वर्षाला ५ हजारांहून जास्त मिळत असतील, तर कराचा दर काढताना तेही धरलं जातं.