शेंगदाण्याची ॲलर्जी आणि पुणेरी स्वयंपाकघर : वर्ज्य पदार्थांचा विचार

प्रस्तावना : भुईमूग ही मूळची दक्षिण अमेरिकेतील, कडधान्यांच्या कुळातील वनस्पती. आपल्या आहारात ती इतकी मुरली आहे की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. शेंगदाण्यातील काही प्रथिनांना शरीराची प्रतिकारयंत्रणा घातक समजू लागली, म्हणजे अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, धाप आणि प्रसंगी रक्तदाब कोसळून प्राणावर बेतणे असे परिणाम संभवतात. ही प्रथिने उष्णतेला सहजी दाद देत नाहीत. दाणे भाजल्याने धोका टळत नाही. त्यामुळे शेंगदाणा वर्ज्य करणे हाच रुग्णाचा मुख्य आधार ठरतो.

पाश्चात्त्य पुस्तकांतील वर्ज्य पदार्थांची यादी पीनट बटर, बिस्किटे, चॉकलेट अशी सुरू होते. पुण्यातील रुग्णास ती अपुरी पडते, कारण येथे शेंगदाणा अनेकदा कूट होऊन पानात येतो.

कुटाचा प्रश्न : काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या भोजनगृहात आमच्या एका विद्यार्थ्याने "यात शेंगदाणे आहेत का?" असे विचारले. "नाहीत" असे उत्तर मिळाले. पानात काकडीची कोशिंबीर होती. पुढील काही मिनिटांत त्याचे ओठ सुजले, श्वास अडखळू लागला. रुग्णालयात ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाल्यावर तो सावरला. वाढणारा खोटे बोलला नव्हता. त्याच्या लेखी दाणे निराळे आणि कूट निराळा. तेव्हा प्रश्नही "दाण्याचा कूट घातला आहे का?" असाच विचारावयास हवा.

कोशिंबिरी, भरली वांगी, अनेक पालेभाज्या यांत कूट गृहीतच धरला जातो. अळूच्या पातळ भाजीत तर अख्खे दाणे असतात. परंतु खरी कसोटी उपवासाच्या दिवशी. साबुदाण्याची खिचडी, वडे, रताळ्याचा कीस, वरईच्या भातावरील दाण्याची आमटी पाहता आषाढी एकादशीचे जवळजवळ संपूर्ण ताट अशा रुग्णास वर्ज्य ठरते. (उपवासाचे म्हणजे पचावयास हलके, या समजाचा विचार येथे नको.)

चिवडा, चिक्की, दाण्याचे लाडू, कोरड्या चटण्या हे उघड शत्रू होत. स्वस्त मिठाईत काजूच्या जागी शेंगदाण्याची पूड असू शकते, म्हणून काजूकतलीही जपून खावी. तेलाबाबत भेद करावा लागतो : पूर्णतः शुद्ध केलेल्या रिफाइंड तेलात प्रथिनांचा अंश अत्यल्प असतो, घाण्याच्या तेलात मात्र तो राहू शकतो. तूर, मूग, हरभरा ही एकाच कुळातील म्हणून सरसकट सोडण्याचे कारण नाही. बहुतेक रुग्णांना ती सोसतात. याचा निर्णय वैद्यकीय तपासणीनेच व्हावा.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार वेष्टनबंद पदार्थांवर शेंगदाण्याचा निर्देश आवश्यक आहे. सुट्या फरसाणाच्या पुडीवर, मंगल कार्यालयातील पंगतीत किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील चुलीवर असे लेबल नसते. तेथे शिबिरप्रमुख प्राध्यापकानेच आचाऱ्यास आदल्या दिवशी सांगावे आणि त्या विद्यार्थ्याची भाजी स्वतंत्र पातेल्यात, स्वतंत्र डावाने काढून ठेववावी. कूट पडल्यानंतर ती वेगळी काढता येत नाही.