डिस्कलाही हवा 'पीआरएन'!

ग्रुपच्या शॉर्टफिल्मचं फुटेज एका हार्ड डिस्कवर, प्रोजेक्ट दुसरीवर, ताईच्या लग्नाचे फोटो तिसरीवर. काय कुठे आहे ते सापडावं म्हणून तुम्ही छोटासा डेटाबेस बनवता आणि लिहिता, 'लग्नाचे फोटो : ई ड्राइव्ह'. घोळ इथेच होतो!

डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली किंवा 'ई' आधीच एखाद्या पेनड्राइव्हने अडवलं असेल, तर तीच डिस्क 'एफ' होते. लिनक्सवरची 'एसडीए', 'एसडीबी' ही नावंही पुढच्या वेळी तीच राहतील याची खात्री नसते. अशात नोंद बघून बिनधास्त 'ई' फॉरमॅट केलंत तर? गेले फोटो.

ड्राइव्ह लेटर म्हणजे परीक्षेचा सीट नंबर, दर वेळी बदलणारा. आपल्याला हवाय तो पीआरएन, म्हणजे कायमचा नंबर. तो कुठून आणायचा?

लेबल : वाचायला सोपं, पण कुणीही बदलू शकतं. 'न्यू व्हॉल्यूम' नावाच्या डिस्क तर घरोघरी!

सीरियल नंबर : हा हार्डवेअरचा असतो, फॉरमॅट केलं तरी टिकतो. पण एका डिस्कची दोन पार्टिशन्स असतील तर दोघांचा नंबर एकच. शिवाय डिस्क यूएसबी केसमध्ये घातली की कधीकधी केसचाच नंबर दिसतो.

यूयूआयडी : फॉरमॅट करताना व्हॉल्यूमला मिळणारा १२८ बिटांचा नंबर. लिनक्समध्ये डिस्क आपोआप जोडण्यासाठी हाच वापरतात. फॅट३२ पेनड्राइव्हवर मात्र त्याजागी फक्त ३२ बिटांचा नंबर असतो. आणि पुन्हा फॉरमॅट केलं की नंबर बदलतो, हुबेहूब क्लोन केलं की दोन डिस्कचा एकच होतो.

थोडक्यात, यातला एकही एकट्याने पुरत नाही. म्हणून डेटाबेसमध्ये मुख्य ओळख तुमची स्वतःची ठेवा : १, २, ३... तोच आकडा डिस्कवर स्टिकरने चिकटवा. यूयूआयडी, सीरियल नंबर, लेबल आणि साइज वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवा. फॉरमॅटनंतर यूयूआयडी बदलला तर फक्त तो रकाना बदलायचा, तुमचा आकडा तोच. फाइलचा पत्ता लिहिताना 'ई' वगळा. 'डिस्क ३, फोटो, लग्न' एवढं पुरे.

आणि हो, फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी निदान दोन रकाने जुळतायत ना, ते बघाच. तेवढ्या एका मिनिटात ताईचा अख्खा अल्बम वाचतो!