घोडा ठेचकाळतो : खोड की दुखणे?

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथे पर्यटकांना रपेट घडवणारे, वरातीला घोडी देणारे, टांगेवाले आणि नालबंद, या सर्व धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. त्यांची रोजी चार पायांवर उभी असते. तो पाय अडखळू लागला की मालक ‘जनावर आळशी आहे’ म्हणून चाबूक उगारतो, नाहीतर येत्या बाजारात ते विकून मोकळा होतो. पहिल्यात मुक्या जनावरावर जुलूम होतो, दुसऱ्यात गिऱ्हाइकाची फसवणूक. म्हणून आधी कारण शोधले पाहिजे.

साधी कारणे

वाढीच्या वयातले शिंगरू आपल्या लांब पायांना सरावलेले नसते. थकलेला घोडा पाय पुरेसा उचलत नाही. खडबडीत वाट, पुढे सरकलेले खोगीर किंवा नवखा स्वार यांमुळेही तोल जातो. पण पहिली नजर खुरांवर टाकावी. साधारण ६ ते ८ आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून ती पुन्हा बसवावी लागते. ‘नाल अजून झिजली नाही’ म्हणून तशीच ठेवली तर खुराचे टोक लांबते, टाच खाली बसते आणि घोडा ठेचा खातो. इथे नालबंदाची कानस औषधाचे काम करते. विश्रांती दिली, खूर नीट केले, खोगीर बदलले आणि ठेचकाळणे थांबले, तर काळजी नाही. एवढे करूनही ते थांबले नाही, वाढत गेले, किंवा दर वेळी एकच पाय अडखळू लागला, तर ते दुखणे समजावे.

दुखणे कसे ओळखावे?

१) लगाम ढिला सोडून घोड्याला सपाट, कठीण जमिनीवर दुडक्या चालीने न्यावे. पुढचा दुखरा पाय टेकताना तो डोके वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली करतो.

२) खूर गरम आहे आणि घोट्यामागे बोट ठेवल्यास नाडी जोरात लागते, तर आत खिळा रुतला असेल, पू झाला असेल किंवा सूज असेल. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे रेलून उभा राहणारा घोडा तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. चंदी जास्त खाल्ल्यानेही खुराची अशी सूज येते.

३) टाच चुकवून टोकावर पाय टेकणे, आखूड पावले टाकणे हे टाचेतील दुखण्याचे लक्षण आहे.

४) मागचे पाय ओढणे किंवा कंबर झुलणे म्हणजे मज्जारज्जूवर परिणाम झाल्याची शंका घ्यावी. घोडा लहान गोलात वळवून व मागे सरकवून पाहावा. पाय एकमेकांत अडकत असतील तर त्यावर स्वार बसवू नये. आपल्याकडे कमरी आणि सर्रा या रोगांत असे होते. सर्रा माश्यांमुळे पसरतो. त्यात ताप येतो-जातो, अंग रोडावते, पायांवर व पोटाखाली सूज येते. रक्त तपासून घ्यावे.

५) एकाच बाजूच्या वस्तूंना धडकत असेल तर त्या बाजूचा डोळा तपासावा.

एकाएकी तोल जाऊ लागला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर तोंडात हात घालू नये. पिसाळीचीही शक्यता असते. जनावर वेगळे बांधून डॉक्टरांना बोलवावे.

विकताना ऐब सांगा

वेदना दाबणारे इंजेक्शन देऊन घोडा बाजारात उभा करणारे लोक आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत असो वा गावच्या बाजारात, माहीत असलेला ऐब लपवून केलेला सौदा आपल्या दीनमध्ये जायज नाही. लपवलेला ऐब उघडकीस आल्यास माल परत करण्याचा हक्क शरीअतने खरेदीदाराला दिला आहे. आणि असा घोडा उतारावर कोसळला, तर पाठीवर कुणाचे तरी लेकरू असते.

नालबंद बंधूंनी खुरात दोष दिसताच मालकाला सांगावे. मालकांनी नाल बसवल्याची तारीख आणि अडखळणारा पाय वहीत लिहून ठेवावा. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. जनावर ही अल्लाहने आपल्या हाती दिलेली अमानत आहे. तिची निगा राखण्यातच रोजीची बरकत आहे.